नाव भाड्याचे, दुकान आपले

आपल्या सीमाभागातल्या घरांत मुलाच्या भवितव्याची चर्चा निघाली की ती फिरून फिरून हैदराबादला येऊन थांबते. पुणे-मुंबई लांब पडते. हैदराबादला रात्री गाडीत बसले की सकाळी काचीगुडा. १९५६ पर्यंत तर आपण एकाच राज्यात होतो, त्यामुळे तिकडे जाणे म्हणजे परमुलखात जाणे असे आपल्याला वाटतच नाही. सुलतान बझार, बडी चावडी भागात आजही मराठी कानावर पडते. मोठा दवाखाना तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे, मुलाचा संगणकाचा कोर्स अमीरपेठेत. अलीकडे या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे ‘फ्रँचायझी’.

महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाला इंग्रजी कागद वाचता येतो, अशी गावात एक समजूत असते. पूर्वी लोक विम्याचे कागद आणायचे, शेतीच्या कर्जाच्या नोटिसा आणायचे. आता चहाच्या दुकानाचे, पिझ्झाच्या दुकानाचे, बालवाडीचे, औषध दुकानाचे करारनामे येतात. ‘मॅडम, जरा नजर टाका, उद्या सही करायची आहे.’ उद्या सही करायची असते आणि कागद आज येतो, हेच मला पहिल्यांदा खटकते. चाळीस पानांचा करार एका संध्याकाळी वाचून होत नाही, आणि ज्याने तो लिहिला त्याला हे चांगले ठाऊक असते.

आधी शब्दाचा अर्थ सरळ करून घेऊ. फ्रँचायझी विकत घेतली, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात आपण काहीच विकत घेत नसतो. एका नावाचा, त्या नावाच्या पाटीचा आणि ठरलेल्या पद्धतीने माल विकण्याचा परवाना आपण काही वर्षांसाठी भाड्याने घेतो. पाटी त्यांची, पावडर त्यांची, कपावरचे चित्र त्यांचे. पैसा, गाळ्याचे भाडे, नोकरमाणसे आणि सकाळी पाचला उठून शटर वर करणे आपले. यात वाईट काही नाही. घर भाड्याने घेतो तसे नाव भाड्याने घ्यावे. पण घर भाड्याने घेताना आपण नळाला पाणी किती वाजता येते हे विचारतो, आणि नाव भाड्याने घेताना काहीच विचारत नाही.

विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते एकच आहे, आणि बाकीचे सगळे त्यातून निघतात. कंपनीला पैसे कधी मिळतात? आपण दुकान उघडतो तेव्हा, की आपले दुकान चालते तेव्हा?

कंपनीची मिळकत साधारण चार वाटांनी येते. सुरुवातीचे प्रवेशशुल्क, महिन्याच्या विक्रीवरची टक्केवारी, जिला रॉयल्टी म्हणतात, आपल्याला विकलेल्या मालावरचा आणि यंत्रांवरचा नफा, आणि कधी कधी जागेचे भाडे. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्डने जो डोलारा उभा केला तो नुसत्या पावाच्या तुकड्यांवर नाही. जागा कंपनीने ताब्यात घ्यायची आणि ती दुकानदाराला भाड्याने द्यायची, ही त्यातली खरी मेख होती. असो. आपल्यापुरता मुद्दा असा की, ज्या कंपनीची कमाई मुख्यतः रॉयल्टीतून आणि मालातून होते, तिला आपले दुकान दहा वर्षे चालावे असे वाटते. जिची कमाई मुख्यतः प्रवेशशुल्कातून आणि फर्निचर-यंत्रांच्या विक्रीतून होते, तिच्या दृष्टीने आपण उद्घाटनाच्या दिवशीच संपलेलो असतो. त्याच गल्लीत दुसरे दुकान उघडले तरी तिचे काही बिघडत नाही. उलट दुसरे प्रवेशशुल्क मिळते. ‘रॉयल्टी शून्य’ ही जाहिरात वाचून हुरळून जाणाऱ्यांनी हे थोडे उलटे करून पाहावे. रॉयल्टी शून्य असेल तर कंपनी जगते कशावर?

याचे चांगले उत्तरही असू शकते. अमूल आपल्या पार्लरवाल्याकडून रॉयल्टी घेत नाही, कारण तिला दूध, लोणी आणि आइस्क्रीम विकायचे असते आणि विक्रेत्याला प्रत्येक वस्तूवर ठरावीक कमिशन मिळते. पण तिथेही खोलात जावे. कंपनीच्या माहितीनुसार पिशवीच्या दुधावर कमिशन सुमारे अडीच टक्के आणि आइस्क्रीमवर सुमारे वीस टक्के असते. म्हणजे ज्या कोपऱ्यावर सकाळी फक्त दुधाच्या पिशव्या खपतात आणि ज्या कोपऱ्यावर रात्री कुटुंबे आइस्क्रीम खायला थांबतात, त्या दोन जागांची पाटी सारखी असली तरी धंदे वेगळे आहेत.

एक उदाहरण सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. मुलगा हैदराबादला खाजगी नोकरीत, ती सुटलेली. कुकटपल्लीकडे चहाचे दुकान घ्यायचे ठरले. कंपनीचे नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही; असे करार आता सगळीकडे एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. गुरुजी भविष्यनिर्वाह निधीतले आठ लाख घालणार होते. माहितीपत्रकात ‘बारा महिन्यांत भांडवल वसूल’ असे छापलेले होते. ते कसे, याचा हिशेब मात्र नव्हता. तेव्हा आम्ही बसून तो मांडला. मुलाने आकडे सांगितले, गुरुजींनी शाळेच्या सवयीने उभी बेरीज केली.

समजा चहा पंधरा रुपयांचा आणि रोज तीनशे कप. महिन्याची विक्री १ लाख ३५ हजार. दूध, साखर, पावडर, कप मिळून चाळीस टक्के, म्हणजे ५४ हजार. गाळ्याचे भाडे २० हजार. दोन पोरे कामाला, प्रत्येकी १२ हजार, म्हणजे २४ हजार. वीज, गॅस, पाणी, किरकोळ ९ हजार. रॉयल्टी पाच टक्के, ६ हजार ७५०. त्या रॉयल्टीवर अठरा टक्के जीएसटी, १ हजार २१५. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आतली असल्यामुळे या दुकानदाराने जीएसटीची नोंदणी केलेली नसेल, म्हणून तो कर त्याला परतही मिळत नाही. सगळे वजा जाता उरतात २० हजार ३५. आठ लाख भागिले वीस हजार. वसुलीला चाळीस महिने. करार किती वर्षांचा? तीन वर्षांचा. म्हणजे छत्तीस महिने. सदतिसाव्या महिन्यात नूतनीकरणाचे शुल्क भरायचे, आणि भांडवल अजून आलेले नाही. शिवाय या वीस हजारांत मुलाचा स्वतःचा पगार धरलेला नाही, आणि हे आठ लाख बँकेत असते तर त्यांना व्याज मिळाले असते तेही धरलेले नाही.

मग गुरुजींनीच विचारले, तीनशेऐवजी दोनशे चाळीसच कप गेले तर? विक्री येते १ लाख ८ हजार. मालाचा खर्च कमी होतो, रॉयल्टी थोडी कमी होते. भाडे, पगार आणि वीज तिथल्या तिथेच. शिल्लक उरते साधारण ५ हजार ४०० रुपये. कप पाचव्या हिश्श्याने घटले आणि शिल्लक जवळजवळ पाऊण हिश्श्याने गेली. पावसाळ्याचे दोन महिने, समोर मेट्रोचे नाहीतर गटाराचे खोदकाम, शेजारी दहा रुपयांत चहा देणारा टपरीवाला, यांपैकी एक कारणसुद्धा पुरेसे आहे. हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या आकड्यांनी मांडावा. माझे आकडे उदाहरणादाखल आहेत. पण मांडावा घरातल्या वहीत, कंपनीच्या माणसाच्या मोबाईलवर नव्हे. तो मोबाईलवर दाखवतो त्यात कप नेहमी पाचशेच असतात.

कप किती खपतात हे कळायला एक जुनाच उपाय आहे. त्याच कंपनीच्या, पण आपल्याला न दाखवलेल्या एखाद्या दुकानासमोर सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ बसायचे आणि मोजायचे. मंगळवारी बसावे, रविवारी नको, आणि पहिल्या पंधरवड्यातल्या नव्या दुकानासमोर तर मुळीच नको. हैदराबादेत हे काम अवघड नाही, माणूस इराणी हॉटेलात दोन तास बसला तरी कोणी उठवत नाही. जाता जाता एक निरीक्षण: चारमिनारजवळचे निमराह किंवा निलोफर रुग्णालयाजवळचे कॅफे निलोफर इथला चहा ज्याने प्यायला आहे त्याला ठाऊक आहे की तिथे पिढ्यांचा हात आहे. चहाचा काढा झाकण लावून मंद आचेवर वेगळा ठेवतात, दूध वेगळे आटवतात, आणि कपात दोन्ही एकत्र येतात. आपण ज्या कंपनीला आठ लाख देणार तिचे कसब नेमके कशात आहे, हेही असेच डोळ्यांनी पाहावे. पिशवीतली पावडर उकळत्या दुधात टाकणे एवढेच असेल तर ते कसब चार दिवसांत येते; मग आपण पैसे फक्त नावाचे देतो आहोत.

मालाविषयीचे कलम सगळ्यांत निसरडे असते. ‘सर्व कच्चा माल कंपनीकडूनच घ्यावा लागेल’ हे समजण्यासारखे आहे, चव एकसारखी राहायला हवी. पण त्याच्याच खाली ‘कंपनी वेळोवेळी ठरवील त्या दराने’ असे शब्द असतात. आज तीनशे रुपये किलोची पावडर पुढच्या वर्षी चारशेला मिळाली तर आपण काय करणार? कपाची किंमतही कंपनीच ठरवणार. मध्ये चेंगरणारा दुकानदार. करार कोण लिहितो यावर हे किती अवलंबून असते, याचा एक उलटा किस्सा आहे. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या चॅटनूगा गावच्या दोन वकिलांनी, टॉमस आणि व्हाइटहेड यांनी, कोका-कोला बाटलीत भरून विकण्याचे हक्क अवघ्या एका डॉलरला मागून घेतले. कंपनीचे मालक कँडलर यांना बाटलीच्या धंद्यात फारसा रस नव्हता. त्यांनी पाकाचा दर ठरवून दिला आणि कराराला अंतिम तारीखच घातली नाही. पहिल्या महायुद्धानंतर साखर कडाडली, तेव्हा कंपनी अडचणीत आली आणि प्रकरण कोर्टात गेले. १९२१ मध्ये पाकाची किंमत साखरेच्या भावाशी जोडून तंटा मिटला. तिथे कागद वकिलांनी तयार केला होता, म्हणून कंपनी अडकली. आपल्याकडे कागद कंपनीच तयार करते. आपण निदान एवढे तरी लिहून मागावे की, दरवाढ वर्षातून एकदाच आणि अमुक टक्क्यांच्या आत. मिळेलच असे नाही. पण मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, तेही कळते.

आता नावाकडे वळू. ज्या नावाचे भाडे आपण देणार, ते नाव त्या कंपनीचे तरी आहे का? हैदराबादला जाणाऱ्याला यासाठी दूर जावे लागत नाही. आरटीसी क्रॉस रोड्सच्या मूळ ‘बावर्ची’ची बिर्याणी प्रसिद्ध आहे आणि आमची कोठेही शाखा नाही, असे ते हॉटेल सांगत आले आहे. तरी शहरात किती बावर्ची आहेत ते मोजून पाहा. महामार्गाने आपल्या गावाकडे येतानाही ती पाटी दिसते. बावर्ची म्हणजे स्वयंपाकी, इतका सर्वांचा शब्द. उद्या अशाच एखाद्या नावाची ‘शाखा’ कोणी आपल्याला पाच लाखांना देऊ केली, तर आपण नक्की काय घेतले? शेजारचा माणूस तेच नाव फुकट लावील आणि आपली कंपनी त्याला अडवू शकणार नाही. म्हणून ट्रेडमार्कची नोंदणी पाहावी. ती पाहणे फुकट आहे. सरकारी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर नाव घालून कोणालाही शोधता येते. नावाच्या डोक्यावर ‘टीएम’ ही अक्षरे असतील तर तो फक्त दावा असतो. गोलातला ‘आर’ म्हणजे नोंदणी. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते. ती कंपनीच्या नावावर आहे की मालकाच्या मेव्हण्याच्या, हेही बघावे. हसू नका, मी बघितले आहे.

आणि नाव खरे असले, मोठे असले, तरी ते काढून घेतले जाऊ शकते. हे छोट्या माणसाच्याच बाबतीत होते असे नाही. मॅकडोनाल्ड भारतात आले तेव्हा उत्तर आणि पूर्व भारतासाठी विक्रम बक्षी यांच्याशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार झाला, १९९५ साली. २०१३ मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केले गेले आणि भांडण कंपनी कायदा मंडळापासून परदेशातल्या लवादापर्यंत गेले. २०१७ च्या जून महिन्यात दिल्लीतल्या पंचावन्नपैकी त्रेचाळीस उपाहारगृहांना कुलूप लागले, कारण त्यांचे आरोग्य परवाने वेळेत नूतन झाले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मूळ कंपनीने १६९ उपाहारगृहांचा फ्रँचायझी करारच रद्द केला आणि नाव, पाटी, पदार्थांची कृती काहीही वापरायचे नाही असे कळवले. २०१९ च्या मे महिन्यात तडजोड झाली आणि बक्षी बाहेर पडले. हैदराबादेतल्या मॅकडोनाल्डला याची झळ लागली नाही, कारण पश्चिम आणि दक्षिण भारताचा करार दुसऱ्याच कंपनीकडे होता. बक्षींकडे वकिलांची फौज होती, सहा वर्षे लढायला पैसा होता. आपल्या गुरुजींकडे काय आहे?

त्यातली परवान्याची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अन्नपदार्थांचा परवाना दुकान चालवणाऱ्याच्या नावे असतो. निरीक्षक आला, नमुना नेला, काही सापडले तर नोटीस दुकानावर चिकटते. ‘पावडर कंपनीने दिली होती’ हे सांगता यावे म्हणून प्रत्येक खेपेचे बिल जपून ठेवावे लागते. महापालिकेचा व्यापार परवाना, पाटीचे शुल्क हेही आपल्याच नावे.

कायद्याचे सांगायचे तर, भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आणि आपण सही केलेला कागद, एवढ्यावर सगळे चालते. त्यामुळे कागदात जे नाही ते कुठेच नाही. तोंडी आश्वासन, व्हॉट्सॲपवरचा फोटो, उद्घाटनाला नट आणू असे म्हणणे, यांची किंमत चहाच्या रिकाम्या कपाएवढी. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचे काम करायचे नाही, हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, गुजरातमधल्या एका बाटलीबंद पेयांच्या कारखान्याच्या आणि कोका-कोलाच्या खटल्यात वैध ठरवले आहे. करार संपल्यावर मात्र ‘पुढची पाच वर्षे चहाच विकायचा नाही’ असले बंधन करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. पण टिकत नाही हे सिद्ध करायला कोणत्या गावी जावे लागेल? शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते: तंटा लवादाकडे जाईल, न्यायक्षेत्र दिल्ली, किंवा मुंबई, किंवा अहमदाबाद. आपल्या तालुक्याहून तारखेला दिल्ली. ग्राहक आयोगाकडे जावे म्हटले तर ‘हा व्यापारी व्यवहार आहे’ हा आक्षेप पहिल्याच दिवशी येतो. न्यायक्षेत्र हैदराबाद किंवा आपला जिल्हा करून मागण्यात काही गैर नाही.

आणखी एक विसंगती मला जवळपास प्रत्येक कागदात दिसली. फ्रँचायझीचा करार तीन किंवा पाच वर्षांचा, आणि गाळ्याचा भाडेकरार अकरा महिन्यांचा! बाराव्या महिन्यात घरमालकाने भाडे दीडपट केले, किंवा ‘माझ्या जावयाला गाळा हवा’ म्हटले, तर फरशी, काउंटर, रंगकाम सगळे भिंतीला चिकटून राहते आणि पाच वर्षांचे बंधन आपल्या मानेला. गाळ्याचा करार निदान फ्रँचायझीइतक्या मुदतीचा, नोंदणी केलेला, आणि भाडेवाढ आधी ठरवलेली असा हवा. तो आधी करावा, फ्रँचायझीची सही नंतर.

आपल्या भागाचे संरक्षण हा शब्दही नीट वाचावा. ‘दोन किलोमीटरपर्यंत दुसरे दुकान देणार नाही’ असे असते, पण घरपोच मागवणाऱ्या ॲपवर त्याच कंपनीचे पाच किलोमीटरवरचे दुकान आपल्याच गिऱ्हाइकाला माल पोचवते. आता हैदराबादेत निम्मी गिऱ्हाइके खिशातल्या मोबाईलमध्येच असतात म्हटले तरी चालेल. ॲपवरची विक्री कोणाची, याचे वेगळे कलम हवे.

अमेरिकेत १९७९ पासून असा नियम आहे की सही किंवा पैसे घेण्याआधी कंपनीने एक लांबलचक माहितीपत्र द्यायचे. आता त्यासाठी चौदा दिवसांची मुदत आहे. त्यात कंपनीवरचे खटले, तिचे ताळेबंद, किती दुकाने उघडली, किती बंद पडली, एवढेच नव्हे तर नुकतेच सोडून गेलेल्या दुकानदारांची नावेसुद्धा असतात. आपल्याकडे ते बंधन नाही. म्हणून ते माहितीपत्र आपणच तयार करायचे. चालू दुकानांची यादी कंपनी आनंदाने देते. आपण मागावी बंद पडलेल्यांची. न दिली तर दोन वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतले पत्ते घेऊन जाऊन पाहावे. त्या जागी आज काय आहे ते शेजारचा पानवाला सांगतो, आणि का बंद पडले तेही सांगतो. कंपनी स्वतःची दुकाने चालवते का, हेही विचारावे. जिच्याकडे स्वतःचे एकही दुकान नाही, ती आपल्याला दुकान चालवायला काय शिकवणार? नोंदणीकृत कंपनी असेल तर तिचे ताळेबंद सरकारी कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून मिळतात. गावात सनदी लेखापाल असतो, त्याला हजार-दोन हजार देऊन ते वाचून घ्यावेत. आठ लाखांपुढे ती रक्कम मोठी नाही, पण नेमकी तीच आपल्या जिवावर येते.

हे झाले खऱ्या कंपन्यांचे. खोट्यांचे निराळेच. अमूलच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून लोकांकडून नोंदणी शुल्क उकळण्याचे प्रकार इतके वाढले की २०२० मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. डॉमिनोजची दुकाने भारतात जुबिलंट ही कंपनी स्वतः चालवते, वाटत नाही. तेव्हा डॉमिनोजची फ्रँचायझी देतो म्हणणारा फोन आला की तो तिथेच ठेवावा. तसेच ‘यंत्र घ्या, माल बनवा, आम्हीच विकत घेतो’ हे. हैदराबादच्या उप्पल भागातल्या एका कंपनीने शेंगदाण्याचे तेल काढायची यंत्रे देऊन दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे आमिष दाखवले होते. २०१९ च्या सुरुवातीला राचकोंडा पोलिसांनी ते प्रकरण उघडकीस आणले. धंद्यात दरमहा ठरावीक रक्कम कोणी देत नसते. ती देतो म्हणणारा नव्या माणसाचे पैसे जुन्याला देत असतो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम बँकेत अडवता येण्याची शक्यता असते. लाजेने आठवडाभर गप्प बसले की ती संपते.

घरातल्या बायकांसाठी दोन शब्द, कारण हे पान त्याही वाचतात आणि सहीच्या वेळी त्यांना सहसा विचारले जात नाही. भांडवल कमी पडले की नजर दागिन्यांकडे जाते. द्यावेत की नाही हा घरोघरचा प्रश्न; पण देणाऱ्या बाईने करार पाहिलाच पाहिजे, आणि तो कळत नसेल तर कोणाकडून तरी मराठीत ऐकला पाहिजे. करारात हमीदार म्हणून पत्नीची किंवा आईची सही मागतात. ती सही म्हणजे ‘साक्षीदार’ नव्हे. दुकान बुडाले तर हमीदाराच्या घरावर बोजा येतो.

गुरुजींच्या मुलाने कंपनीला पाच प्रश्न लिहून पाठवले: बंद दुकानांची यादी, मालाच्या दरवाढीची मर्यादा, ॲपवरच्या विक्रीचा हक्क, न्यायक्षेत्र, आणि करार तीनऐवजी पाच वर्षांचा. दोन प्रश्नांना होकार आला, एकाला नकार, दोनांना उत्तरच नाही. फोन मात्र रोज येत होता की अमुक तारखेनंतर शुल्क वाढणार. सध्या तो त्याच भागात दुसऱ्याच्या दुकानात पगारावर काम करतो आहे आणि रोजचे कप वहीत लिहितो आहे. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही पाहून मग ठरवू, असे गुरुजी म्हणतात. आठ लाख अजून पोस्टात आहेत.

पुढच्या आठवड्यात गाळ्याच्या भाडेकराराविषयी लिहीन. महाराष्ट्रातला लिव्ह अँड लायसन्स करार आणि तेलंगणातली पद्धत यांत फरक आहे, आणि तिकडे दुकान थाटणाऱ्यांची पहिली गल्लत तिथेच होते.